निवटा

करारात लिहिलं होतं, कथेबद्दल बोलायचं नाही.
मला कथा माहीत नव्हती.
तरी सही केली, तीन ठिकाणी,
आणि वाशीच्या प्रदर्शन केंद्राच्या मागच्या दाराने
आत गेलो, सकाळी नऊला,
राक्षस व्हायला.

अठरा किलो रबर. पाठीला चेन.
ती आपली आपल्याला लावता येत नाही, काढताही येत नाही.
त्यासाठी सुकन्या तांडेल नावाची मुलगी ठेवलेली,
गळ्यात ओळखपत्र, कमरेला पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ.
डोक्यात एक पंखा, चाळीस मिनिटं चालणारा.
राक्षसाचे डोळे टाळूवर;
मी बघायचो तोंडातून,
दातांच्या फटीतून.

बाहेर चाहत्यांची रांग, मनगटांना केशरी पट्ट्या.
दर वीस मिनिटांनी मोठ्या पडद्यावर
अडीच मिनिटांचा सिनेमा:
समुद्र फाटतो, पूल मोडतो,
कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडतं,
मग अंधार, मग डरकाळी.
डरकाळीला मी हात वर करायचा.
पडदा माझ्या पाठीमागे.
मी तो पाहिला फक्त लोकांच्या चष्म्यांत,
शेकडो चिमुकले पूल,
डावीकडचे उजवीकडे मोडणारे.
शेवटी तारीख यायची, तीही उलटी.
लोक अशा शिट्ट्या वाजवत
जणू घरातल्याच लग्नाची तारीख निघाली.

स्टुडिओचे साहेब, काळा टीशर्ट, पांढरे बूट,
माईकवर म्हणाले, हा नुसता प्राणी नाही, हे एक विश्व आहे,
पाच भाग ठरलेत.
एकाने विचारलं, पाचव्यात हा असेल का?
साहेब हसले.
हसण्याचाही करार असावा.

दुपारी एक मुलगी आली, सात-आठ वर्षांची,
अजून न आलेल्या सिनेमातली नायिका होऊन.
पोस्टर बघून आईने शिवलेलं चिलखत,
जुना रेनकोट, वर चपात्यांची चंदेरी फॉइल.
फोटो झाला तरी हलेना.
"तू शेवटी मरतोस का?"
मला बोलायची मनाई.
मान हलवली. डोकं एवढं जड
की ती उभी हलली की आडवी, मलाच कळलं नाही.
तिला कळलं.
माझ्या कल्ल्यावर हात ठेवून हळूच म्हणाली,
"मी आईला सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांसाठी पास मिळवला.
सारसोळ्याहून आले, इस्त्रीचा सदरा घालून,
मनगटावरची केशरी पट्टी घड्याळासारखी मिरवत.
माझ्यासमोर उभे राहिले.
टाळूवरचे डोळे पाहिले, छातीजवळचे पंखासारखे हात पाहिले,
आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,
"आरं, यो तं निवटा हाय!"
मागे सुकन्या एवढी हसली
की माझी चेन थरथरली.

मग बाबा रांगेला सांगू लागले.
इथेच, या लाद्यांखाली, खाजण होतं.
ओहोटीला गुडघाभर चिखल.
निवट्याच्या बिळाला दोन तोंडं,
एक टाचेने दाबायचं, दुसऱ्यात हात घालायचा,
आणि घाई करायची नाही,
तो आतून बघत असतो.
पोरं मोबाइल वर धरून उभी.
त्यांना वाटलं, स्टुडिओनेच आणलाय म्हातारा.
एकाने विचारलं, "हे कुठल्या भागात आहे, काका?"
बाबा म्हणाले, पहिल्या.

दातांच्या फटीतून मी बघत होतो.
पंखा बंद पडला होता.
सुकन्याला खूण करायची राहून गेली.

सिनेमा दिवाळीत येणार होता, मग उन्हाळ्यात.
मग तारीख गेली, नुसतं लवकरच उरलं.
कातडं तुर्भ्याच्या गोदामात आहे म्हणतात,
माझे दोन दिवसांचे पैसेही त्याच्यासोबत असावेत.

सानपाड्याच्या वळणावर ते होर्डिंग अजून आहे.
खालचा भाग बिस्किटांनी झाकलाय,
वर फक्त डोळे.
परवा तिथे बाबांनी स्कूटर थांबवायला लावली,
मान वर करून बराच वेळ पाहिलं,
आणि माझ्या खांद्यावर थाप मारून विचारलं,
"येवरा मोठा... आंबट करावा, का सुका?"